शेवटून पहिली पळसवाडी

आकाराम सुभेदारांना माणसं पाहिजे होती. चार नाही, चाळीस नाही, पाचशे. आणि तीही महिन्याच्या आत.

पलटणीत माणसं जमवणं किती सोपं होतं! शिट्टी वाजली की दोनशे जवान दोन मिनिटांत रांगेत उभे. सातारा आणि सांगलीच्या शिवेवर असलेल्या पळसवाडीत मात्र शिट्टी वाजवली की फक्त कुत्री गोळा होतात, हे सुभेदारांना पेन्शनीवर आल्यावर कळलं.

मोटारसायकलच्या शर्यतीचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं त्याला दोन वर्षं झाली. तसं ते खूळ जुनंच. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत निम्मी वर्षं त्यांनी फौजेचं टपाल मोटारसायकलवरून पोचवलं होतं, बर्फातनं, वाळूतनं, जिथं खेचर अडतं तिथनंसुद्धा. गावी आल्यावर गाडीला किटल्या अडकवून डेअरीला दूध घालायचं काम उरलं. हात नुसते शिवशिवायचे. गावाबाहेर त्यांचा चार एकर मुरमाड माळ पडून होता. कुसळाशिवाय त्यात काही येत नव्हतं. तिथं त्यांनी जेसीबी लावून वळणं काढली, तीन उंचवटे केले, कडेनं जुन्या टायरांची भिंत रचली. झाला ट्रॅक. कुपवाडच्या एमआयडीसीत नागसेन म्हणून एक मेकॅनिक होता, भंगारातली गाडी शर्यतीला उभी करणारा. त्यानं रायडर गोळा केले. कुणी कारखान्यातला टर्नर, कुणी मिरजेच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारा, कुणी कॉलेजला जातो म्हणून घरनं निघणारा. नागसेनची स्वतःची लेक माया तर अशी गाडी मारायची की सुभेदार म्हणायचे, "ही पोरगी आमच्या पलटणीत पायजे हुती गड्या."

ट्रॅक होता, गाड्या होत्या, रायडर होते. बघायला तेवढं कुणी येत नव्हतं.

पहिल्या शर्यतीला अठरा माणसं आली. त्यातली नऊ रायडरांच्या घरची आणि दोन मेंढरं चारायला आलेली. सुभेदारांच्या बायकोनं, शालूबाईनं, नवऱ्याच्या शब्दावर दोनशे माणसांचे पोहे केले होते. ते तीन दिवस पुरले. तिसऱ्या दिवशी म्हशीनंसुद्धा पाटीकडं पाठ फिरवली. दुसऱ्या शर्यतीला एकतीस माणसं आली. एक पुढारी हात जोडायला म्हणून आला होता, पण माणसं मोजून गाडीतनं न उतरताच माघारी गेला. शालूबाई त्या दिवशी माळाकडं फिरकलीच नाही.

आणि यंदा योजनेचं पाणी आलं, थेट माळाच्या बांधापर्यंत. मग काय, शालूबाईच्या तोंडाला पण पाणी आलं.

"आवं, समदं शिवार उसानं हिरवं व्हणार आन आपण काय पिकवणार? धुरळा?"

"शाले, एक डाव बग तर खरं."

"दोन डाव बगितलं. आता तिसरा तुमी बगा. म्हैन्याच्या आत पाचशे माणसं आली तर माळ तुमचा, माझं तोंड बंद. न्हाई आली तर दुसऱ्या दिवशी नांगर घालायचा. बेणं सांगून ठेवलंय मी."

उसाचं बेणं सांगून ठेवलंय म्हणजे बाई नुसती बोलत नव्हती. माळ गेला तर डेअरी, देऊळ आणि पारावरच्या गुडघेदुखीच्या गप्पा, एवढंच आयुष्य उरणार होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस काय लगेच पारावर बसतो? त्या विचारानं सुभेदारांना दोन घास कमी जायला लागले.

त्यांनी स्वतः बसून एक पत्रक लिहिलं आणि कुपवाडला नागसेनला नेऊन दाखवलं. 'सर्व नागरिकांनी रविवारी सकाळी ठीक ०८३० वाजता माळावर हजर राहावे. पाणी सोबत आणावे. विनाकारण बोलू नये.'

नागसेननं ते दोनदा वाचलं आणि तेलकट हात पुसत म्हणाला, "सुभेदार, हे वाचून माणसं येत न्हाईत. गाव सोडून जात्यात."

"मंग करायचं काय?"

"मला गाडीतलं कळतंय. माणसातलं नाथाजीला इचारू."

नाथाजी म्हणजे बैलगाडा शर्यतींचा निवेदक. रविवारी त्याचा आवाज माइकवरनं तीन गावं ऐकू जायचा आणि सोमवार ते शुक्रवार तो साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीत शिपाई असायचा. तिथं तो इतका हळू बोलायचा की साहेबाला दोनदा विचारावं लागायचं. कचेरीसमोरच्या टपरीवर चहा घेत त्यानं रायडरांची यादी डोळ्याखालनं घातली.

"ह्यो नंबर सात. कुठल्या गावचा?"

सुभेदारांनी फॉर्म काढला. त्यात रक्तगट होता, लायसन होतं, हेल्मेट किती जुनं ते होतं, अपघात झाला तर कुणाला फोन करायचा ते होतं. डाव्या हाताचा का उजव्या हाताचा, तेसुद्धा होतं.

"गाव लिवलेलं न्हाई," सुभेदार म्हणाले. "रकानाच न्हाई तसला."

नाथाजीनं कप खाली ठेवला. आपल्याकडं दारात आलेल्या परक्या माणसाला पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी विचारतात, गाव कुठलं? लग्नात पंगतीला शेजारी बसला की पहिला घास घ्यायच्या आधी विचारतात, गाव कुठलं? आणि या भल्या माणसानं दोन शर्यती घेतल्या, गावाचं नाव न घेता! फौजेत राहून राहून माणसाचं असं होतं.

"सुभेदारसाब," नाथाजी कचेरीतल्या आवाजात म्हणाला, "बैल बगायला शर्यतीत कोण येत न्हाई. बैल समद्यांच्या घरी हायती. माणूस येतोय ते आपलं गाव फुडं गेलं का शेजारचं, एवढंच बगायला."

"पण आमची गाडी बारा फूट उडी घेतीया!"

"घेऊ द्या की. नंबर सातनं उडी मारली तर माझ्या बाचं काय जातंय? पण बोरखिंडीच्या पोरानं मारली आन आमचं मागं ऱ्हायलं, तर मला रात्री भाकर गोड लागंल व्हय?"

गोष्ट एवढी सोपी होती आणि आपल्या डोक्यात आली नाही, याची सुभेदारांना लाज वाटली.

मग नाथाजीनं नवीन पत्रक लिहिलं. बारा रायडर, बारा गावं. बैलगाड्याच्या शर्यतीत लिहितात तसं प्रत्येकाच्या वर त्याच्या गावच्या देवाचं नाव आणि 'प्रसन्न'. 'श्री भैरवनाथ प्रसन्न, बोरखिंडकर.' 'श्री खंडोबा प्रसन्न, हिंगणमळेकर.' मायाच्या नावाशी आल्यावर पेन थांबलं. नाथाजीनं फोन करून नागसेनला मूळ गाव विचारलं.

"मूळ गावात आमचं घर येशीबाहेर हुतं," नागसेन पलीकडनं म्हणाला. "आजा तितनं निघाला तो निघालाच. त्यांच्या नावानं माझी पोरगी पळणार न्हाई. कुपवाड लिवा. तितं ती गाडी शिकली."

"आन वर प्रसन्न कोण लिवू?"

फोन मायानं घेतला. "काका, जय भीम लिवा. लय झालं."

नाथाजीनं लिहिलं, आणि कागद छापायला गेला.

पुढं जे झालं ते सुभेदारांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. चार दिवसांत चौकाचौकात फ्लेक्स लागले. हिंगणमळ्याच्या पोरांनी फ्लेक्सवर रायडरपेक्षा स्वतःचे फोटो मोठे छापले. कुपवाडला तीन वर्कशॉपांनी मिळून टेम्पो ठरवला. बोरखिंडीची पाच कारभारी माणसं तर टेप घेऊन ट्रॅक मोजायलाच आली. वळणं डावीकडं जास्त का, उजवीकडं कमी का, यात कुणाचा डाव आहे का, असं दोन तास विचारून गेली. बोरखिंडीचा रायडर होता शंभूराज. तो दुसरातिसरा कुणी नाही, सुभेदारांच्या जावयाचा धाकटा भाऊ. म्हणजे लेक दिलेलं घर. त्याची आई संयोगिताबाई, शालूबाईची विहीण, जिच्या जिभेला हाड कधी नव्हतंच, तिनं फोन करून सांगितलं, "इहीणबाई, आमी दोन ट्रॉल्या भरून येतोय. चहाचं बगा बरं."

शालूबाईनं फोन ठेवला आणि म्हणाली, "आली मोठी." पण हे नुसतं बोरखिंडीचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. पाचशे होणार नाहीत याची तिला अजून खात्री होती. सुभेदारांना मात्र दोन घास जास्त जायला लागले.

शनिवारी दिवस कलताना अंगणात माणसं येऊन उभी राहिली. पुढं सरपंच तानाजी, मागं निम्मी पळसवाडी. सुभेदारांना वाटलं, शुभेच्छा द्यायला आलेत. त्यांनी खाट पुढं ओढली. कुणी बसलं नाही.

"सुभेदार," तानाजीनं पत्रक पुढं धरलं, "बारा गावं हायती हितं. आपलं कुठंय?"

सुभेदारांनी पत्रक घेतलं. वरनं खाली वाचलं. खालनं वर वाचलं. बोरखिंड होतं, हिंगणमळा होता, पार कुपवाड होतं. पळसवाडी नव्हती. दुनियेची गावं शोधताना आपल्या पायाखालचं गावच राहून गेलं होतं! पळसवाडीतल्या कुणी फॉर्म भरला नव्हता आणि यांनी कुणाला विचारलंही नव्हतं.

"माळ आपला, धुरळा आपल्या नाकात, आन पळणार बोरखिंड?" तानाजीचा आवाज चढला. "आमी न्हाई येणार. आन गाड्या लावायला कुणाचं रान बी मिळणार न्हाई. माळाच्या चारी बाजूची रानं आमची हायती, इसरू नका."

चारी बाजूची रानं बंद म्हणजे बाराही गावं हमरस्त्यावरूनच माघारी. उंबऱ्यात शालूबाई हाताची घडी घालून उभी होती.

सुभेदारांच्या तोंडातनं शब्द निघून गेला. "पळसवाडीकडनं मी पळतो."

मग मागनं कुणीतरी खुदकन हसलं.

"तुमी?" तानाजी म्हणाला. "कशावर?"

सुभेदारांनी गोठ्याकडं बोट केलं. तिथं दुधाची गाडी उभी होती, दोन्ही अंगाला किटल्यांचे आकडे घेऊन. गावानं एकमेकांकडं पाहिलं. गाडी दुधाची असली तरी काय, नाव तर गावाचं लागणार होतं. तानाजीनं खिशातलं पेन काढून पत्रकावर शेवटी तेरावी ओळ लिहिली, 'श्री जोतिबा प्रसन्न, पळसवाडीकर', आणि मग कुठं माणसं खाटेवर बसली.

रविवारी सकाळी साडेआठला शालूबाई बांधावर उभी राहून माणसं मोजत होती. नवऱ्यावर विश्वास नव्हता अशातला भाग नाही, पण हिशेब आपल्या डोळ्यानं व्हावा. पाव तासात पाचशे झाली. नऊला हजार. नंतर तिनं नाद सोडला, कारण ट्रॉल्यांमागनं ट्रॉल्या येत होत्या, टेम्पो येत होते, म्हाताऱ्या येत होत्या, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया येत होत्या. भेळवाला आला, रसाचं गुऱ्हाळ आलं, पिपाण्या विकणारा आला. कुपवाडच्या टेम्पोतनं हलगी उतरली. सुभेदार हेल्मेट काखेत धरून बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी धुरळ्यावर ढकललं.

"झाली तुमची माणसं," शालूबाई जवळ येऊन म्हणाली. "माळ तुमचा. आता हातपाय मोडून घेऊ नका म्हंजे झालं."

नागसेननं घाईघाईनं गाडीचे आकडे काढले. एक गंजून बसला होता, तो निघालाच नाही. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "कोण मागनं येऊन घासणार न्हाई तुमाला."

का म्हणाला ते लवकरच कळलं. नाथाजीनं माइकवर "झेंडा पडलाऽऽ" म्हटलं आणि बारा गाड्या बंदुकीच्या गोळीसारख्या सुटल्या. तेरावी सुभेदारांची. सहा फेऱ्यांची शर्यत, त्यात तिसऱ्याच फेरीत माया त्यांना एक अख्खी फेरी देऊन पुढं गेली. पण सुभेदारांना त्याचं काही नव्हतं. उंचवट्यावर गाडी सुटली, खाली आली, हाताला जुनी ओळख पटली, आणि त्यांना एकदम तिशीत असल्यासारखं वाटलं. सरळ पट्टीवर आल्यावर गोंगाटातनं एक आवाज नेमका कानात शिरला. "आवं, पळवा की! झोपलाय काय?" शालूबाई! तिनं त्यांना अशी गाडी मारताना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. फौजेतली सगळी मर्दुमकी तिनं पत्रातच वाचली होती. सुभेदारांनी मूठ पिळली आणि खरंच दोघांना मागं टाकलं. पळसवाडी अकरावी! गाव बांधावर नाचायला लागलं.

चौथ्या फेरीला घात झाला. तिसऱ्या उंचवट्यापलीकडच्या वळणावर शंभूराज गाडीखाली पडलेला. फार लागलं नव्हतं, पण पाय अडकला होता. झेंडेवाला लांबनं पळत येत होता. मागच्या गाड्या बाजूनं निघून गेल्या.

आता तुम्हीच सांगा, दुसरा कुणी असता तर सुभेदारही गेले असते. पण पाहुण्यांचं पोरगं! लेक दिलेल्या घरातलं पोरगं मातीत पडलंय आणि आपण वळसा घालून पुढं? उद्या लेकीला त्या घरात तोंड दाखवायचंय. सुभेदारांनी गाडी थांबवली, आडवी टाकली, शंभूराजची गाडी उचलून त्याला उभं केलं, वर किक मारून दिली.

"लागलं का रं?"

"न्हाई मामा!" म्हणत शंभूराज सुटला. तो जो सुटला तो थेट दुसरा आला. पहिली माया.

सुभेदारांची गाडी काही सुरू होईना. आकडा दगडात अडकून वाकला होता, पेट्रोल सांडलं होतं. किक मारमारून पाय भरून आला तेव्हा कुठं ती फुरफुरली. बाकीचे रायडर हेल्मेट काढून रस पीत होते तेव्हा सुभेदार सहावी फेरी पुरी करून आले. "आणि तेराव्या नंबरावर," नाथाजीनं माइकवर सांगितलं, आणि सांगताना त्यालाही जरा वाईट वाटलं, "यजमान, पळसवाडीकर!"

पाच हजार माणसं हसली. पळसवाडी हसली नाही.

मायाच्या गळ्यात हार पडला, कुपवाडकरांनी तिला खांद्यावर घेऊन हलगी वाजवली, ट्रॉल्या भरून गावं परत निघाली. मग तानाजी सरपंच चार माणसं घेऊन सुभेदारांपुढं आला.

"सुभेदार, माणसं आणली तुमी, मानलं. पण आता बास. आपल्याच माळावर, आपल्याच पैपाहुण्याम्होरं गावाचं नाक कापलं, ते बी बोरखिंडीच्या पोराला हातानं उचलून दिऊन! उद्या सकाळी माझा ट्रॅक्टर पाठवतो. नांगरून टाका ह्यो माळ. परत कुणी नाव काढाय नको."

"खरं हाय, नांगराच," मागची माणसं म्हणाली.

पाचशे मागितली होती, पाच हजार आली, आणि माळ तरीही चालला होता. बायकोला पटवता आलं असतं. गावाला कसं पटवायचं?

तेवढ्यात शालूबाई आली. आली म्हणजे पदर खोचून, तोंड लालभडक करून, बांधावरनं सरळ रेषेत आली.

"कोण घालतंय नांगर?"

"वयनी, तुमचंच म्हणणं हुतं की," तानाजी चाचरला. "बेणं बी सांगितलंय तुमी."

"बेणं कुठं पळून जात न्हाई! माळावर ट्रॅक्टर आला तर त्येच्या चाकाखाली मी झोपंन, सांगून ठेवते." तिचा श्वास फुलला होता. "ती संयोगिता ट्रॉलीत चढताना काय म्हणाली ठावं हाय? चार बायांत म्हणाली, 'इहीणबाई, इवायांनी आमच्या पोराला उचललं, लय उपकार झालं. आता तुमच्या गावाला कुणीतरी उचला.' हसल्या समद्या! हिंगणमळ्याच्या बी हसल्या!"

तानाजीच्या कानशिलावरची शीर उडायला लागली.

"बोरखिंड हसली?" तो म्हणाला.

"हसली. आन तुमी नांगर घाला. म्हंजे जन्मभर हसत ऱ्हातील. बोरखिंडीच्या नाकाला मिरच्या झोंबल्याबिगर ह्या माळात उसाचं एक कांडं पडायचं न्हाई."

तानाजीनं मागं वळून पाहिलं. मागच्या माणसांनी माना डोलावल्या. नांगराचा विषय जसा निघाला तसाच मिटला.

शालूबाई तशीच तरातरा कुपवाडच्या टेम्पोपाशी गेली. माया हेल्मेट पुसत होती.

"पोरी, आमच्या गावातल्या पोरापोरींना शिकवशील का? दर रविवारी. जेवण माझ्याकडं."

माया हसली. "शिकवीन की मावशी. पण मी कुपवाडकडनंच पळणार हां. जितकं शिकवंन तितकं हरवंन बी."

"हरव. तुझ्याकडनं हरायला माझी ना न्हाई. बोरखिंड तेवढी मागं पायजे." मग ती गावाकडं वळली. "फुडल्या खेपेला गावचा गडी मी निवडणार. बाई असली तरी चालंल. म्हशीला पाणी दावायला आलं तरी मी गाडीवर बसवून बगणार हाय एकेकाला."

सुभेदार गाडीचा वाकडा आकडा हातात धरून हे सगळं ऐकत होते. माळ वाचला होता. छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि बायको माळाच्या बाजूनं गावाशी भांडत होती, याहून मोठं बक्षीस त्यांना मिळालं नसतं. एवढंच मनात आलं की आता थोडा सराव केला, आकडे वेळेवर काढले, तर पुढच्या खेपेला सहावा-सातवा नंबर सहज.

"शाले," ते घसा खाकरून म्हणाले, "आन मी?"

शालूबाईनं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. राग नव्हता. चांगलं मायेनं पाहिलं.

"तुमी बांधावर बसायचं," ती म्हणाली. "तुमाला बगणारी माणसं पायजे हुती न्हवं? घ्या, एक वाढला."